बाजूच्या धडकेसाठी दाराचं ट्रिम: फोम शेवटी कोंबू नका

दाराच्या ट्रिमचं, म्हणजे आतल्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचं, काम करणाऱ्या तरुण इंजिनिअर्सकडून वर्षातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न येतो. स्टायलिंग गोठलेलं असतं, टूलिंगची ऑर्डर गेलेली असते, पहिल्या सिम्युलेशनमध्ये डमीच्या (चाचणीतल्या माणसाएवढ्या बाहुल्याच्या) पोटावरचा जोर मर्यादेबाहेर असतो, आणि विचारणा असते, "सर, इथे कुठला फोम टाकू?" बहुतेक वेळा खरं उत्तर असं असतं की आता कुठलाच फोम टाकून उपयोग नाही. जागाच उरलेली नाही.

चूक मटेरियलची नसते, क्रमाची असते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. उदाहरण म्हणून आपल्याकडची उजव्या हाताने चालवायची हॅचबॅक, पुढचं दार आणि एआयएस-०९९ या भारतीय मानकाची बाजूची चाचणी डोळ्यांसमोर ठेवा. हे मानक नव्या मॉडेल्सना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे.

आधी एक समज दुरुस्त करा

समोरच्या धडकेत माणूस डॅशबोर्डकडे जातो. बाजूच्या धडकेत माणूस जागेवर असतो आणि दार त्याच्याकडे येतं. चाचणीत ९५० किलोची ट्रॉली ताशी ५० किमीने आदळते, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हाच वेग मिलिसेकंदात मोजा: दर मिलिसेकंदाला १४ मिमी. पत्रा, बीम (दारातला आडवा दांडा) आणि बी-पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) तो कमी करतात, तरीही साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत दाराची आतली बाजू अंगाला भिडते. ट्रिमचं काम माणसाला अडवण्याचं नाही. त्याला दाराच्या वेगापर्यंत हळू, पसरून आणि योग्य जागी ढकलून न्यायचं आहे. पुढचा सगळा खटाटोप या एका वाक्यासाठी आहे.

१. जागेचा हिशेब: स्टायलिंगच्या आधी

सीटच्या आर-पॉइंटमधून (बसणाऱ्याच्या नितंबाच्या सांध्याची ठरवलेली जागा) गाडीला आडवा छेद घ्या. त्यात बाहेरून आत ही ओळ मांडा: बाहेरचा पत्रा, बीम, काच आणि तिचा मार्ग, रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा), आतला पत्रा, मोकळी फट, फोम, ट्रिमची जाडी, पुन्हा फट, आणि मग डमीचं अंग. प्रत्येकासमोर मिलिमीटर लिहा. असे तीन छेद हवेत: पेल्व्हिसच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) उंचीवर, पोटाच्या उंचीवर आणि छातीच्या उंचीवर.

आता यातली कामाची जागा किती ते काढा. इथेच पहिली फसगत होते. ७० मिमी जाडीचा फोम ७० मिमी दबत नाही. ६५-७० टक्के दबला की त्याच्या पेशी पूर्ण मिटतात आणि तो ठोकळ्यासारखा कडक होतो. म्हणजे हातात उरतात ४५ ते ४९ मिमी. फोम आणि आतला पत्रा यांच्यात जुळणीसाठी म्हणून १५ मिमी फट सोडली असेल, तर ती फट जागा खाते पण काम काहीच करत नाही. दार आधी १५ मिमी फुकट पुढे येतं आणि तेवढ्या वेळात अंगाशी वेगाचा फरक तसाच राहतो.

*तपासणी:* तिन्ही छेदांवर 'दबणारे मिमी' आणि 'न दबणारे मिमी' असे दोन आकडे लिहून स्टायलिंगच्या लोकांकडून त्याच कागदावर सही घ्या. नंतर कोणी आर्मरेस्ट २० मिमी आत ओढला की हाच कागद पुढे ठेवायचा. तोंडी कबुली टिकत नाही, अनुभव आहे.

२. अंगाचे चार पट्टे आखा

दाराच्या आतल्या पृष्ठभागावर डमीची सावली पाडा आणि तिचे चार पट्टे करा: खांदा, छाती, पोट, पेल्व्हिस. नियमातल्या मर्यादा प्रत्येकाने पाठ करायला हव्यात. बरगडी ४२ मिमीपेक्षा जास्त आत जाता कामा नये. मऊ अवयवांच्या इजेचा निकष, ज्याला आपण व्ही-सी म्हणतो, तो सेकंदाला १.० मीटरच्या आत हवा. पोटावरचा आतून मोजलेला जोर २.५ किलोन्यूटन आणि जघनास्थीच्या (पेल्व्हिसच्या पुढच्या हाडांच्या) सांध्यावरचा जोर ६ किलोन्यूटन. डोक्याचा निकष १००० च्या आत हवा, पण त्याचा भार ट्रिमपेक्षा कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आणि वरच्या चौकटीवर जास्त असतो.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पेल्व्हिस पोटाच्या दुपटीहून जास्त जोर सोसतं. शरीराची रचनाच तशी आहे: खाली हाडांचं कडं, मधे यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं आणि वर लवचीक पिंजरा. दाराने अंगाला कुठे आधी हात घालायचा, ते यातच ठरलेलं आहे.

*सावधान:* हे आकडे कायद्याची शेवटची रेघ आहेत, डिझाइनचं लक्ष्य नाहीत. युरो एनसीएपीच्या (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपीय संस्थेच्या) जुन्या, ईएस-२ नावाच्या डमीच्या पद्धतीत पूर्ण गुणांसाठी बरगडी २२ मिमी, पोट १.० किलोन्यूटन आणि जघनास्थी ३ किलोन्यूटन असे आकडे होते. कागदावर २.४ किलोन्यूटन काढून खूश झालेली टीम प्रत्यक्ष चाचणीत हमखास फसते, कारण दोन सारख्या गाड्यांचे निकालही तंतोतंत सारखे येत नाहीत.

आणखी एक. सावली फक्त चाचणीतल्या सीटच्या जागी पाडू नका. सीट पुढे-मागे आणि वर-खाली सरकते. स्टिअरिंगजवळ बसणारी पाच फुटांची बाई आणि सीट मागे रेटून बसणारा सहा फुटांचा माणूस, दोघांचीही पेल्व्हिस तुमच्या पट्ट्यात आली पाहिजे. नाहीतर गाडी पास होईल, माणूस नाही.

३. टणक वस्तूंची यादी

ट्रिमच्या मागे काय काय आहे ते लिहून काढा. पॉवर विंडोची मोटर, स्पीकरचं चुंबक, लॅचची (दार बंद धरणाऱ्या खटक्याची) केबल आणि तिचे क्लॅम्प, आतल्या हँडलची बैठक, स्विचचं पॅनल, ओढायच्या हँडलचं पत्र्याला वेल्ड केलेलं ब्रॅकेट, वायरिंगचा कनेक्टर. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कुठल्या पट्ट्यात येते, दबते का, आणि दार चेपल्यावर ती कुठे सरकते.

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. मोटर आज पेल्व्हिसच्या पट्ट्याच्या ६० मिमी पुढे दिसते, पण बीम वाकला की ती आत आणि मागे येते. म्हणून यादी स्थिर ड्रॉइंगवर नाही, तर ३० व्या मिलिसेकंदाच्या चेपलेल्या चित्रावर तपासा.

बाटलीचा खण याच यादीत येतो. आपल्या गाड्यांत एक लिटरची बाटली ठेवायची सोय ही विक्रीची गोष्ट आहे, ती जाणार नाही. पण भरलेली बाटली म्हणजे पाण्याने ठासलेला, जवळजवळ न दबणारा ठोकळा. तो खण दाराच्या पुढच्या टोकाला, मांडीच्याही पुढे न्या. पेल्व्हिसच्या पट्ट्यात बाटली दिसली तर तिथेच काम थांबवा.

४. आधी पेल्व्हिस ढकला

पेल्व्हिसच्या उंचीवर, ट्रिम आणि आतल्या पत्र्याच्या मधे फोमचा ठोकळा बसवतात. त्याला आपल्याकडे पुशर म्हणतात. तो छातीच्या आणि पोटाच्या आधी अंगाला लागला पाहिजे. पेल्व्हिस लवकर ढकललं गेलं की धड त्याच्यासोबत सरकायला लागतं, आणि दार छातीपर्यंत पोचेपर्यंत वेगातला फरक कमी झालेला असतो.

साधा हिशेब करून पाहा. पुशरचा चेहरा १५० बाय १५० मिमी, म्हणजे २२,५०० चौरस मिमी. समजा फोम ०.२ मेगापास्कलला दबतो. जोर येतो ४,५०० न्यूटन, म्हणजे ४.५ किलोन्यूटन. फोम दुप्पट कडक घेतला तर ९. बाहेरून कुल्ल्यावर येणारा जोर आणि सांध्यावर मोजला जाणारा जोर एकच नसतात, म्हणून हा आकडा थेट ६ शी लावू नका. पण कुठल्या घरात खेळायचं ते या दोन ओळींच्या गणिताने कळतं, आणि सिम्युलेशनचे चार दिवस वाचतात.

*नेहमीची चूक:* पुशर लहान पण कडक ठेवणे. आकडा तोच येतो, पण सीट थोडी सरकली की ठोकळा हाडावरून सुटतो आणि त्याची कड मांडीत किंवा पोटात शिरते. मोठा आणि मऊ घ्या.

५. आर्मरेस्ट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बहुतेक गाड्यांत आर्मरेस्टची उंची नेमकी पोटाच्या पट्ट्यात येते. कोपर टेकायला तीच उंची सोयीची असते, त्याला इलाज नाही. म्हणजे अंगाचा सगळ्यात नाजूक भाग आणि ट्रिमचा सगळ्यात पुढे आलेला भाग समोरासमोर.

घरी एक प्रयोग करा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. तो सपाट धरून मधे बोट दाबा, लगेच वाकतो. आता तो टेबलावर आडवा धरून त्याच्या कडेवर, पुठ्ठ्याच्याच पातळीत दाबा. हाताला लागतं. आर्मरेस्टचा वरचा पृष्ठभाग म्हणजे पोटाकडे कड रोखून धरलेला असाच पुठ्ठा आहे. अडीच-तीन मिमी जाडीचं प्लॅस्टिक, पण धडकेच्या दिशेत ती फळीच.

आता मागणी दुहेरी आहे. वरून कोपराचा आणि दार ओढतानाचा भार सोसायचा, बाजूने मात्र कोसळायचं. हे जमतं, पण खालील गोष्टी पहिल्या ड्रॉइंगपासून हव्यात.

खालच्या रिब्स (प्लॅस्टिकला आधार देणाऱ्या पातळ उभ्या पट्ट्या) गाडीच्या लांबीच्या दिशेने द्या. अशी रिब वरचा भार घेते आणि बाजूने सहज वाकते. दारापासून माणसाकडे जाणारी आडवी रिब दोन्हीकडे कडक असते. टूलमेकर ती सुचवतोच, कारण तिने वरचा पृष्ठभाग छान सपाट राहतो. नाही म्हणा.

वरच्या फळीला लांबीच्या दिशेने पायरी, घडी किंवा फट द्या, म्हणजे धडकेत ती तिथे दुमडेल. स्विचच्या पॅनलची कड अशा दुमडण्यासाठी आयती मिळते. फक्त पॅनलचे खटके त्या जागी घट्ट ठेवू नका.

ओढायच्या कपाचे स्क्रू जिथे जातात ते पत्र्याचं ब्रॅकेट पोटाच्या पट्ट्याच्या पुढे सरकवा. सरकत नसेल तर ब्रॅकेटला घडी द्या किंवा स्क्रूसाठी बाजूने उघडी खाच ठेवा, म्हणजे जोर आला की स्क्रू निसटेल.

पुन्हा गणित: आर्मरेस्टचा चेहरा ६० बाय २०० मिमी, म्हणजे १२,००० चौरस मिमी. पोटासाठी १.२ किलोन्यूटनचं लक्ष्य ठेवलं, तर ०.१ मेगापास्कल. पुशरच्या निम्मं. आर्मरेस्ट किती दुबळा हवा हे या आकड्यावरून मॅनेजरला पटवता येतं.

*तपासणी:* पहिला नमुना आला की तो दारासारख्या फिक्स्चरवर बसवून बाजूने हळू दाबा आणि आलेख काढा. सुरुवातीला उंच शिखर आणि मग घसरण दिसली, तर काहीतरी आडवं उभं आहे. सपाट, लांब पठार हवं.

६. फोम आता निवडा

एवढं झाल्यावर फोमचा प्रश्न सोपा होतो. ईपीपी (फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा फोम), पीयू (पॉलियुरेथेन) आणि इंजेक्शन मोल्डेड पोकळ कप, तिन्ही चालतात. ईपीपी हलका आणि धक्क्यानंतर बराच परत फुगणारा. पीयूचं पठार सपाट पण बरेच प्रकार चुरा होणारे. कपांची जाडी बदलून नंतरही जोर जुळवता येतो, हा त्यांचा मोठा फायदा.

पुरवठादाराकडून नुसती घनता घेऊ नका. 'लिटरला ४० ग्रॅम' ही खरेदीची भाषा आहे. तुम्हाला हवा जोर आणि दबण्याचा आलेख, तोही वेगाने दाबून काढलेला. हळू दाबलेला फोम मऊ वाटतो, सेकंदाला ५-१० मीटरने दाबला की कडक होतो. तापमानाचंही तसंच: थंडीत कडक, उन्हात ढिला. बहुतेक स्पेसिफिकेशन्समध्ये उणे ३० पासून अधिक ८० च्या आसपासपर्यंतचा पल्ला असतो. नागपूरच्या मे महिन्यात दुपारभर उघड्यावर उभी असलेली गाडी आठवा, म्हणजे गरम टोक उगाच दिलेलं नाही हे पटेल.

७. बांधणी

आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. सिम्युलेशनमध्ये पेल्व्हिसचा आकडा सुरेख होता. चाचणीत तो बराच वर गेला. बी-पिलर, बीम, सीट, सगळ्यांवर शंका घेऊन झाली. शेवटी ट्रिम उतरवलं, तर पुशर खाली, दाराच्या तळाशी पडलेला. त्याला धरणारे हीट-स्टेकचे (टोक वितळवून चेपलेले) चारही खुंट मुळापासून तुटले होते आणि तुटलेली टोकं पांढरी, खडूसारखी दिसत होती. मॉडेलमध्ये फोम ट्रिमला 'टाय' केलेला होता, म्हणजे कधीच न सुटणारा. संगणकाने तोच निकाल दिला जो आम्ही त्याला सांगितला होता.

तेव्हापासून तीन गोष्टी सोडत नाही. फोमला खुंटांशिवाय खालून आधाराची कड द्यायची, म्हणजे खुंट तुटले तरी तो जागा सोडणार नाही. खुंटाच्या मुळाशी गोलाई द्यायची. मॉडेलमध्ये जोडण्यांना तुटण्याची मर्यादा घालायची.

ट्रिमच्या प्लॅस्टिकबद्दल: टाल्कची पूड भरलेलं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ताठ आणि स्वस्त, पण टाल्क वाढवत गेलात की ते वाकण्याऐवजी तडकायला लागतं. नियम काय म्हणतो ते नीट वाचा. भाग फाटला तरी चालतो. तो सुटून किंवा फुटून धारदार कड अंगाकडे आली आणि इजेचा धोका वाढला, तर चालत नाही. थंड नमुन्यावर वजन टाकून तुकडे कसे पडतात ते डोळ्यांनी पाहा. वेल्ड लाइन (साच्यात प्लॅस्टिकचे दोन प्रवाह मिळतात ती कमकुवत रेघ) पुशरच्या समोर येत असेल तर गेट, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात शिरण्याची जागा, हलवा.

८. एअरबॅग आणि प्रेशर सेन्सर

सीटमधून उघडणारी साइड एअरबॅग काही मिलिसेकंदांत सीट आणि दाराच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून पुढे जाते. आर्मरेस्टचं मागचं टोक तिच्या वाटेत खांद्यासारखं उभं असेल, तर ती अडकते किंवा वर वळते. टोक उतरतं करा.

बऱ्याच गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाहेरचा पत्रा आत चेपला की दाब वाढतो आणि एअरबॅगचा निर्णय होतो. पोकळी गळकी असेल तर दाब चढायला उशीर लागतो. त्यामुळे स्पीकरची गॅस्केट, ग्रोमेट आणि आतल्या पत्र्यावरची पाण्याची शीट हे सुरक्षेचे भाग आहेत. ड्रॉइंगवर तसं लिहा, नाहीतर खर्चकपातीच्या बैठकीत सगळ्यात आधी त्यांच्यावर गदा येते.

*सावधान:* बेस व्हेरिएंटला साइड एअरबॅग नसेल आणि टॉपला असेल, तर ही दोन वेगळी दारं समजा. एकच पुशर दोघांना पुरतो का, हे दोन्ही स्थितींत तपासल्याशिवाय ठरवू नका. स्पीकर बदलला तरीही तेच.

९. चाचण्यांचा क्रम

आधी मटेरियलचे तुकडे, मग सुटा पुशर आणि सुटा आर्मरेस्ट, मग पूर्ण ट्रिमवर इम्पॅक्टर (वेगाने आदळणारा ठोकळा), मग स्लेड (रुळावरच्या गाड्यावर धडकेची नक्कल), आणि शेवटी पूर्ण गाडी. प्रत्येक पायरीवर मॉडेल आणि प्रत्यक्ष आलेख जुळवा, मगच पुढे जा. घाईत लोक दुसरी-तिसरी पायरी गाळतात आणि मग पूर्ण गाडीचा निकाल वाईट आला की दोष कुठे ते कळत नाही. एका गाडीसोबत महिनाभराचं वेळापत्रक जातं.

भारत एनसीएपीसाठी (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या आपल्याकडच्या चाचणीसाठी) काम असेल तर ट्रॉलीच्या चाचणीवर थांबू नका. ताशी २९ किमीची खांबाची चाचणी वेगळाच प्रश्न विचारते. ट्रॉलीचा चेहरा १,५०० मिमी रुंद, खांब २५४ मिमी व्यासाचा. चेपणं अरुंद आणि खोल होतं, त्यामुळे ट्रॉलीत दूर राहिलेली मोटर इथे थेट अंगासमोर येऊ शकते. तिसऱ्या मुद्द्यातली टणक वस्तूंची यादी खांबाच्या चित्रावर पुन्हा तपासा.

१०. चाचणीनंतर दार उघडून पाहा

आकडे आले की लोक घरी जातात. ट्रिम उतरवा. डमीला लावलेला रंग ट्रिमवर कुठे उमटला ते पाहा: पट्टा ठरवला होता तिथेच की ४० मिमी वर? फोम सारखा दबला की एका कोपऱ्यातच? क्लिप सुटल्या की तुटल्या? आर्मरेस्ट ठरवलेल्या घडीवर दुमडला की स्क्रूपाशी फाटला? प्रत्येक खुणेचा पट्टी ठेवून फोटो काढा.

आणि सर्व्हिस मॅन्युअलची दोन पानं याच वेळी लिहून टाका. क्लिप एकदा काढली की पुन्हा वापरायची नाही, पाण्याची शीट फाटली तर चिकटपट्टीने भागवायचं नाही, पुशर काढून तिथे मोठा स्पीकर बसवायचा नाही. गॅरेजमध्ये ट्रिम उतरवणाऱ्या माणसाला तो राखाडी ठोकळा पॅकिंगचा तुकडा वाटतो. शक्य असेल तर मोल्डमध्येच त्यावर 'काढू नये' अशी अक्षरं उठवून घ्या.